गच्चीवरची चौथी फिल्म

प्रयोगशाळेतला मोठा दिवा मार्च महिन्यात उडाला, आणि माझ्या पीएच.डी.चं काम आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर येऊन पडलं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. दिवा परदेशी होता. नवा मागवायचा तर अर्जावर चार सह्या लागायच्या, आणि त्या चार जणांपैकी कोणीतरी एक कायम रजेवर असायचं. आमच्या सरांनी दोन आठवडे वाट पाहिली. मग एका दुपारी ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आकाशात एवढा मोठा दिवा जळतोय आणि आपण या एका दिव्यासाठी का रडत बसलोय?"

"सर, पण इथल्या गच्चीवर..."

"इथल्या कोण म्हणतंय? तुझ्या घरच्या."

इथल्या गच्चीचा प्रश्नच नव्हता. आमची प्रयोगशाळा अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या मधोमध होती. शेजारी लोखंडाचं ओतकाम चालायचं. सकाळी गच्चीवर पांढरा रुमाल वाळत घातला तर दुपारी राखाडी मिळायचा. मुलुंडला आमच्या चार मजली इमारतीवर मात्र ऊन स्वच्छ होतं आणि भरपूर होतं.

उन्हात काय ठेवायचं होतं ते सांगते. आम्ही काचेच्या तुकड्यांवर सिलिकॉनचा अतिशय पातळ थर बसवायचो. केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. त्याला आम्ही फिल्म म्हणायचो. स्फटिकात सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांचे हात धरून ठरलेल्या जागी उभा असतो. आमच्या फिल्ममध्ये तशी शिस्त नव्हती; सगळी वेडीवाकडी गर्दी. त्यामुळे काही अणूंचा एखादा हात मोकळाच राहायचा. फिल्म बनवतानाच तिच्यात हायड्रोजन घातला की तो बहुतेक मोकळे हात धरतो. तरी थोडे उरतातच. त्या उरलेल्यांना आम्ही दोष म्हणायचो, आणि ते किती आहेत हे मोजणं हे माझं काम होतं.

अशा फिल्मपासून उन्हावर वीज देणारे स्वस्त सेल करायची तेव्हा जगभर खटपट चालू होती. आणि गंमत बघा, उन्हासाठीच बनवलेली ही फिल्म फार वेळ उन्हात राहिली की तिच्यातले दोष वाढतात. म्हणून आधी मोजायचं, मग आठवडा-दोन आठवडे उजेडात ठेवायचं, मग परत मोजायचं. कोणत्या पद्धतीने बनवलेल्या फिल्ममध्ये दोष कमी वाढतात ते शोधायचं.

फिल्म बनवायचं काम माझ्या सहकाऱ्याचं. तो घाटकोपरचा, माझ्याच वयाचा, उंच आणि जरा तापट. त्याच्या यंत्रात हवा काढून टाकलेल्या भांड्यात वायू सोडून विजेने जांभळा उजेड पेटवला, की तासाभरात काचेवर फिल्म बसायची. यंत्राचा पंप घरच्या म्हशीसारखा जपावा लागायचा. त्याचं तेल, त्याचा आवाज, त्याचा रुसवा हे सगळं या माणसाला पाठ होतं. मी त्याच्या फिल्म मोजायचे आणि दोष जास्त निघाले की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू ते मीच आत घातले होते.

मोजणीला मात्र शांत माणूस लागे. फिल्मवर अॅल्युमिनियमच्या दोन बारीक पट्ट्या असत. त्यांना वीज जोडून मी फिल्मवर एकेका रंगाचा प्रकाश सोडायचे. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश चांगली फिल्म जवळजवळ तसाच आरपार जाऊ देते. दोष असले की ते त्यातला किंचितसा पकडतात आणि इवलासा प्रवाह वाहतो. तो प्रवाह एका ठरावीक आकड्यावर आणायला किती प्रकाश लागला, ते मी वहीत लिहायचे. थोड्या प्रकाशात भागलं तर समजायचं की दोष पुष्कळ आहेत. एका फिल्मला अर्धा दिवस जायचा. प्रवाह इतका नाजूक, की कोणी खुर्ची सरकवली तरी मीटरची सुई उडायची. नायलॉनची साडी नेसून कोणी शेजारून गेलं, तर त्या साडीत साठलेल्या विजेने काय व्हायचं ते विचारूच नका. सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथे फक्त सुती कपडे. फॅशन रविवारी."

तर मी चार फिल्म कंपासपेटीत कापूस घालून बंद केल्या आणि दोन बस बदलून मुलुंडला घरी आणल्या.

आमच्या गच्चीवर मार्च ते मे कोणाचं राज्य असायचं हे सोसायटीच्या कागदांत कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. मूळच्या मालवणकडच्या. काकांची गिरणी संपानंतर बंद पडली, ती कायमची. तेव्हापासून काकू पापड, फेण्या आणि कुरडया करून आख्ख्या परिसराला पुरवायच्या. सकाळी नऊला त्या जुन्या साड्या अंथरून त्यावर पापड मांडायच्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल टाकून, हातात काठी घेऊन बसायच्या. कावळे त्यांना ओळखत होते.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी कंपासपेटीत डोकावून पाहिलं.

"ह्यां काय गो? रंगीत काचा?"

"काचेवर औषध लावलंय असं समजा काकू. रोज दहा ते चार उन्हात ठेवायच्या. मी सकाळी ठेवून जाईन, चारला आई काढेल."

"तुझी आई चार जिने चढतली? तिचे गुडघे बघलंस काय? मीच काढतंय. पापडांबरोबर खाली घेऊन येतंय."

आईला हे ऐकून हायसं वाटलं. आमचं घर अकोल्याकडचं. मुंबईत वीस वर्षं काढूनही आईची बोली तिकडचीच होती. ती म्हणाली, "पाह्य वं, काचा वाळू घालाले पोरगी पीएच.डी. करून राह्यली." पण तिनेच मला जुना चौकोनी पाट काढून दिला आणि फिल्म ठेवायच्या चार छोट्या डब्या त्यावर हलू नयेत म्हणून कडेला लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या. प्रत्येक डबीला वरून काच होती, म्हणजे धूळ बसणार नाही.

सोमवार ते शनिवार फिल्म उन्हात. रविवारी फिल्मला सुट्टी आणि मलाही. असे दोन आठवडे गेले. रोज संध्याकाळी मी घरी आले की पाट आमच्या कपाटावर नीट ठेवलेला असायचा, वर स्वच्छ फडकं. काकूंसारखी मदतनीस मला प्रयोगशाळेत मिळाली नव्हती.

मग मी परत मोजणीला बसले. पहिल्या फिल्ममध्ये दोष चांगलेच वाढलेले. दुसरीतही, तिसरीतही. अपेक्षाच होती. मी आलेखाच्या कागदावर आधीचे ठिपके निळ्या पेन्सिलीने काढले होते, नंतरचे लालने. निळ्या रेषेच्या वर लाल रेष मस्त उचललेली दिसत होती. चौथी फिल्म लावली. एक ठिपका काढला, दुसरा काढला, आणि मी पेन्सिल खाली ठेवली. लाल ठिपके निळ्यांवरच बसत होते.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी सरांनी स्वतः शेजारी बसून मोजायला लावलं. तेच. दोन आठवड्यांचं मुलुंडचं ऊन खाऊन चौथी फिल्म जशीच्या तशी होती.

माझ्या सहकाऱ्याने ती फिल्म वेगळ्या तऱ्हेने बनवली होती. हायड्रोजन जास्त सोडला होता आणि थर इतरांपेक्षा पातळ ठेवला होता. आता त्याला हे कळलं. तो पंपाकडे गेला, पंपावर हात ठेवला आणि म्हणाला, "झकास!" त्यानंतर दिवसभर तो जो भेटेल त्याला, अगदी चहा आणणाऱ्या मावशींनाही, ती फिल्म कशी बनवली ते समजावत होता. मावशींनी विचारलं, "मंग आता पगार वाढंल का?" तो म्हणाला, "मावशी, वाढेल. सगळ्यांचाच वाढेल."

सर सावध माणूस. त्यांनी सांगितलं, "त्याच फिल्मचा दुसरा तुकडा आहे ना? तोही आणि बाकीच्यांचेही दुसरे तुकडे घेऊन पुन्हा ठेव. एकदा झालं ते योगायोगाने होऊ शकतं." पण जूनमध्ये ट्रॉम्ब्याला एक परिसंवाद होता आणि त्यासाठी पानभर सारांश पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. सावध माणसालाही कधीतरी मोह होतोच. सरांनी सारांश लिहिला, मी टंकलेखन करून आणलं, आणि उन्हात दोष न वाढणाऱ्या फिल्मची बातमी टपालात पडली. शेवटच्या ओळीत सरांनी "प्राथमिक निष्कर्ष" असे शब्द घातले होते, तेवढाच काय तो आमचा संयम.

दुसरी फेरी सुरू झाली. मे महिना लागला होता. सहाव्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत पोचले तर सगळ्या भागातले लाइट गेलेले. दुपारपर्यंत येणार नाहीत असं कळलं. सर म्हणाले, "घरी जा. पंखा नाही, मीटर नाही, इथे बसून वितळायचंय का?" मी साडेबाराला मुलुंडला पोचले. जेवायच्या आधी म्हटलं एकदा गच्चीवर फेरी मारावी. खरं तर मला फिल्म बघायच्या नव्हत्या. त्या उन्हात पडून आहेत आणि काहीतरी मोठं घडतंय, याचा आनंद पुन्हा एकदा घ्यायचा होता.

गच्चीचं दार ढकललं. पापडांच्या रांगा. टाकीच्या सावलीत काकू, डोक्यावर पदर, हातात काठी. आणि माझ्या पाटावर तीन डब्या चमकत होत्या. चौथीच्या जागी बिस्किटांच्या जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण पालथं घातलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड.

मी दाराशीच उभी राहिले.

"काकू, हे झाकण?"

"इलंस? आज लवकर कसा?" काकू उठून माझ्याजवळ आल्या. "अगो, तो एकलोच तांबडो रवलो हा. बाकीचे तीन बघ, काळे पडले. जळले ते. म्हटलंय, ह्येका तरी वाचवया."

चौथी फिल्म पातळ होती. पातळ फिल्म तांबूस दिसते, जाड फिल्म काळपट. चारही फिल्म पहिल्या दिवसापासून तशाच होत्या. पण काकूंनी तीन करपलेले पापड आणि एक न करपलेला पापड बघितला होता.

"रोज झाकता?"

"रोज. तू गेलंस काय झाकतंय, चार वाजता काढतंय."

"पहिल्या वेळेपासून?"

"पयल्या दिवसापासून. सांगाचा ऱ्हवला." माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "माझा काय चुकला काय गो?"

मी त्यांच्या स्टुलावर बसले. डोळ्यांपुढे टपालात पडलेलं ते पान, माझ्या सहकाऱ्याचा पंपावर ठेवलेला हात, चहावाल्या मावशींचा वाढणारा पगार. आणि समोर काकू, कपाळावरचा घाम पदराने पुसत, दोन आठवडे आणि सहा दिवस माझी एक काच जिवापाड जपणाऱ्या. मला हसू फुटलं. थांबेचना. काकू आधी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या, कशाला ते न कळताच. कावळ्यांनी तेवढ्यात दोन पापड नेले.

काकूंना मी खरं काय ते सांगितलं. लपवून काय करणार? "काकू, या काचा उन्हाने बिघडाव्यात म्हणूनच ठेवल्या होत्या."

त्यांनी काठी खाली ठेवली. "बिघडूक ठेवलंस?"

"हो."

"मगे त्येका घरात हातोडो मारायचो," त्या म्हणाल्या. त्यांना जरा रागच आला होता. मुद्दाम बिघडवून बघायचं हे आमचं संशोधन बाहेरून किती विचित्र दिसतं, ते मलाही इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

सोमवारी प्रयोगशाळेत जाताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. सर, एक छोटी अडचण आहे. सर, एक मानवी घटक. शेवटी सरांच्या टेबलासमोर उभी राहून मी सरळ सांगून टाकलं, "सर, चौथी फिल्म उन्हात नव्हतीच. शेजारच्या काकू ती झाकून ठेवायच्या."

माझा सहकारी दारात उभा होता. तो म्हणाला, "काय?"

मी सगळं सांगितलं. काळ्या फिल्म, तांबडी फिल्म, बिस्किटांच्या डब्याचं झाकण, दगड.

"वाट लागली," तो म्हणाला आणि जाऊन पंपाशेजारी बसला. माझ्याशी तो संध्याकाळपर्यंत बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर आठवडाभर बोलले नसते.

सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांनी विचारलं, "झाकण कसलं म्हणालीस?"

"पत्र्याचं."

"आत उजेड जातो?"

"नाही. पाटावर घट्ट बसतं."

"आणि झाकणाखाली तापत असेल?"

"पत्रा आहे सर. हात लावता येत नाही."

ते उठून उभे राहिले. "अगं यार, मग तुझ्या काकूंनी तर माझं काम केलंय!" उत्साहात आले की ते विद्यार्थ्यांनाही यार म्हणायचे. "मी सारांशात उजेडाने दोष वाढतात असं लिहितो. कोणीही विचारेल, मे महिन्यात गच्ची तव्यासारखी तापते, दोष उजेडाने वाढले की उष्णतेने हे कशावरून? त्याला आपल्याकडे काय उत्तर होतं? काहीच नव्हतं. दिव्याखाली पंखा लावून फिल्म थंड ठेवता येते, गच्चीवर कशी ठेवणार? आणि आता एक फिल्म आहे जिने तेवढीच उष्णता खाल्ली, पण उजेड नाही. आणि तिच्यात दोष वाढले नाहीत."

"पण सर, ती वेगळी बनवलेली फिल्म आहे."

"म्हणून आता नीट करायचं. चारही पद्धतींचे दोन दोन तुकडे. एक उघडा, एक झाकणाखाली. झाकणाखाली तापमान मोजायचं. आणि हो, झाकणं सारखी हवीत. काकूंना विचार, अजून तीन मिळतील का."

ती शनिवारची सकाळ मला अजून आठवते. सर स्वतः मुलुंडला आले. हातात तापमान मोजायच्या तारा आणि मीटर, बगलेत छत्री. चार जिने चढून धापा टाकत गच्चीवर पोचले. काकू पापड मांडत होत्या. सरही मूळचे सावंतवाडीकडचे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी काकूंशी थेट मालवणीत सुरुवात केली आणि पंधरा मिनिटं माझ्याकडे कोणी बघितलं नाही. गाव कुठला, माहेर कुठला, तिथले कोण कोण ओळखीचे. शेवटी सरांनी हात जोडून सांगितलं, "काकीनू, तुमचा झाकण आमका होया. पण आता कोणता झाकूचा आणि कोणता नाय, तां ही सांगतली. आपल्या मनान नाय."

"आता माझ्या मनान मी पापडसुद्धा झाकूचंय नाय," काकू म्हणाल्या.

झाकणाखाली उघड्या डबीपेक्षा चार-पाच अंश जास्तच निघाले. आठ तुकडे आम्ही आणखी दोन आठवडे ठेवले. या वेळी रोज संध्याकाळी काकू मला तोंडी अहवाल द्यायच्या. मंगळवारी दोन ते अडीच ढग. गुरुवारी वारा, दगड वाढवले. शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची चादर उडून डब्यांवर पडली, दहा मिनिटांत काढली, वेळ पावणेबारा. ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं. माझ्या प्रबंधाच्या मागच्या परिशिष्टात ती नोंद आहे, फक्त चादर कोणाची होती ते लिहिलेलं नाही.

मोजणी झाली. उघडे चारही तुकडे बिघडले. पातळ, तांबडी फिल्मही बिघडली, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. झाकलेले चारही जसेच्या तसे. माझ्या सहकाऱ्याने आलेख हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "म्हणजे माझी फिल्म सगळ्यात वाईट निघाली."

"सगळ्यात नाजूक," मी म्हटलं.

"गप गं. वाईट ती वाईट." पण मग तो हसला. "निदान झाकून ठेवली तर टिकते. अंधारात चालणारा सौर सेल. हे अजून कोणी केलेलं नाही." त्यानंतर तो परत माझ्याशी भांडायला लागला आणि मला बरं वाटलं.

सारांश बदलून देण्यासाठी सर स्वतः ट्रॉम्ब्याला गेले. परिसंवादात दहा मिनिटं मी बोलले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञांनी विचारलं, "झाकलेल्या नमुन्यांवर आवरण कशाचं होतं?" मी धातूचं आवरण असं काही भारदस्त सांगणार होते. पण सर मागच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होते, म्हणून खरं सांगितलं, "बिस्किटांच्या डब्याचं झाकण." सभागृह हसलं. ते शास्त्रज्ञही हसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी डबा कुठल्या मापाचा तेही सांगा, म्हणजे आम्हालाही करून बघता येईल." ते चेष्टा करत होते असं मला वाटलं. पण चहाच्या वेळी ते वही घेऊन आले आणि खरंच माप लिहून घेतलं.

काकूंनी मला एकच गोष्ट मागितली होती. त्यांना ते यंत्र बघायचं होतं. पावसाळ्यानंतर एका शनिवारी मी त्यांना अंधेरीला घेऊन गेले. त्या खास तयार होऊन आल्या होत्या. मोरपिशी साडी, नवीकोरी, नायलॉनची. मी काय बोलणार? मोजणीच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं आणि मीटरची सुई एका टोकाला जाऊन आपटली. काकू दचकून मागे झाल्या, सुई खाली आली. पुढे आल्या, सुई वर. त्यांनी तीन वेळा करून बघितलं.

"माका ओळखता ता," त्या म्हणाल्या.

सर हसून लोटपोट झाले. मग त्यांनी काकूंना दाराबाहेरच खुर्ची दिली आणि तिथूनच सगळं दाखवलं. बिघडलेली फिल्म आम्ही दीडशे अंशांवर दोन तास भाजतो आणि तिच्यातले वाढलेले दोष जातात, ती पुन्हा पहिल्यासारखी होते, हेही सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमचे हे गिरणीत कापड तपासायचे. वारभर कापडात इतके दोष असले तर पास, त्याच्यावर गेले तर बाजूक काढायचा. तुमच्याकडे किती दोषांवर माल बाजूक काढतत?"

माझा सहकारी पंपाचं तेल बदलत होता. तो हात पुसत आला. त्याच्याकडे बघून सरांनी विचारलं, "सांग. किती?" आणि आम्हा तिघांत अर्धा तास वाद झाला, कारण याचं नक्की उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. काकू चहा पीत बघत होत्या.

परत निघताना त्या म्हणाल्या, "हयसून जुहू लांब हा?" काका तेव्हा जुहूच्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात कामाला होते. चार वर्षं झाली होती, पण ते काम करतात ती जागा काकूंनी बघितली नव्हती. आम्ही बस पकडली. हॉटेलच्या मागच्या फाटकापाशी आम्ही उभ्या राहिलो आणि चारला काका बाहेर आले. पांढराशुभ्र गणवेश, छातीवर नावाची पट्टी. त्यांनी आधी मला ओळखलं आणि घाबरून विचारलं, "घरी काय झालं?"

"काय जावक नाय," काकू म्हणाल्या. "इलंय अशीच." आणि त्यांनी काकांच्या गणवेशाची बाही धरून शिवण बघितली, कॉलर उलटी करून बघितली. "बरो शिवल्यानी."

आम्ही तिघांनी जवळच्या चौपाटीवर वाळूत बसून भेळ खाल्ली. काका त्यांच्या हॉटेलातल्या चादरींबद्दल सांगत होते. रोज हजारो चादरी, आणि एकीवरही डाग चालत नाही. काकू चपला हातात घेऊन पाण्यात गेल्या. मोरपिशी साडी घोट्याच्या वर धरून त्या लाटेची वाट बघायच्या, लाट आली की मागे पळायच्या. काका म्हणाले, "लग्न झालं तेव्हा आलो होतो. नंतर कुठे जमलं?" मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गणवेशाचे बूट माझ्याजवळ ठेवले आणि तेही गेले. मुलुंडकडे जाणाऱ्या दोन बस आम्ही त्या दिवशी सोडून दिल्या.